तिसरं वर्ष वारासिवनीला

सुशिलाबाई बोलून बसली होती, एवढंच खरं.

वारासिवनीला, मुलीच्या घरच्या ओसरीत, सोयरीक पक्की करायला दोन्हीकडची माणसं जमली होती. चहा झाला, तारीख निघाली, आणि मग मुलीचे वडील कैलाशभाऊ घसा साफ करून म्हणाले की रुचीची बी.एस्सी.ची दोन वर्षं झालीत, एकच राहिलं आहे, तेवढं पुरं झालं असतं तर बरं होतं. नवरामुलगा हिमांशू, म्हणजे सुशिलाबाईचा पोरगा, मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. तिचा नवरा गुलाबचंद वरच्या पंख्याकडे बघू लागला. तो अवघडलेपणा सुशिलाबाईला सहन झाला नाही.

"एकच वरीस ना?" ती म्हणाली. "आमच्या गोंदियाले का कॉलेज नाई का? करल ते. माझ्यावर सोडा."

कैलाशभाऊंनी हात जोडले. परतीच्या वाटेवर गाडीत गुलाबचंदने फक्त एवढंच विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं मधात बोलाले?"

तिला वाटलं होतं, वर्ष म्हणजे वर्ष. इकडे काढलं काय नि तिकडे काढलं काय. हिमांशूची शाळा बदलली तेव्हा एक दाखला काढला होता आणि काम झालं होतं. वारासिवनी मध्य प्रदेशात, गोंदिया महाराष्ट्रात, पण मधे आहे काय? पोवार समाजातल्या सोयरिकी इकडून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. मुली इकडून तिकडे जातात, बैल जातात, धानाचं बियाणं जातं. मग शिक्षण काऊन जाणार नाही?

मे महिन्यात लग्न झालं आणि जूनपासून सासू-सुनेच्या कॉलेजच्या चकरा सुरू झाल्या. त्यांच्या मुर्री गावाहून गोंदिया काही लांब नाही, पण ऑटो सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही आणि भरला की सुशिलाबाईचा उजवा गुडघा समोरच्या सीटच्या दांडीला लागून राहतो. कॉलेजच्या खिडकीत भुपेंद्र नावाचा बाबू बसायचा. माणूस वाईट नव्हता. केस पिकलेले, आवाज नरम. पण त्याच्याकडे प्रत्येक वेळी एक नवीन कागद निघायचा. आधी टी.सी. म्हणाला. ती आली तर मायग्रेशन सर्टिफिकेट म्हणाला. मायग्रेशन कैलाशभाऊंनी बालाघाटच्या गाडीत ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवलं, तर अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत म्हणाला.

"माताजी, दूसरी युनिव्हर्सिटी का केस है," तो म्हणायचा. "हमारे हाथ में कुछ नहीं."

रुची मागे ओढणी सावरत उभी राहायची. खिडकीशी कधी बोलायची नाही. सुशिलाबाईला वाटायचं, नवीन पोरगी आहे, लाजते.

एकदा जेवताना हिमांशूने मोबाईलवर विद्यापीठाची वेबसाईट उघडली. त्यात 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं एक पान होतं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची? मधे खंड पडला तर प्रवेश मिळतो का? हजेरी किती लागते? निकाल कुठे बघायचा? विषय बदलता येतो का? प्रत्येकाखाली दोन ओळींचं उत्तर होतं. सुशिलाबाई हातातला घास तसाच धरून ऐकत होती. पान संपलं. लग्न होऊन दुसऱ्या राज्यातून आलेल्या पोरीने तिसरं वर्ष कुठं करायचं, हे त्यात नव्हतं.

"आपल्यासारखे लय असतीन ना," ती म्हणाली. "मग आपला प्रश्न काऊन नाई लिवला?"

रुचीने मान खाली घालून ताटात भात कालवला.

शेवटी भुपेंद्रनेच सांगितलं की शुक्रवारी विद्यापीठाची माणसं कॉलेजच्या हॉलमध्ये येणार आहेत, लोकांच्या शंकांना समोरासमोर उत्तरं देणार आहेत, तिथे विचारा. शुक्रवारी घरी रोवणा होता, धानाची लावणी. धानाच्या बांधीत चिखल तयार, पऱ्ह्याच्या रोपांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या, रोवायला बाया सांगितलेल्या.

"बाया चिखलात उभ्या राहतीन अन् मालकीन कॉलेजात," गुलाबचंद म्हणाला.

"तुमी हाव ना बांधीवर," सुशिलाबाई म्हणाली, आणि पहाटेच उठून बायांची भाजी-भाकर करून, टोपल्यात बांधून, मग लुगडं बदलून निघाली.

हॉल भरलेला होता. जुलैचा उकाडा, वर फिरणारे पंखे मधेच बंद पडत होते. स्टेजवर टेबलाशी तीन जण. बोलायचं काम मात्र एकच बाई करत होती, चष्म्याची, पन्नाशीतली. तिचा घसा बसलेला होता आणि ती थर्मासमधून घोट घोट गरम पाणी घेत होती. समोर एक माईक फिरत होता. कुणी विचारलं, बारावीला कमी टक्के आहेत, चालेल का. कुणी विचारलं, या डिग्रीवर नोकरी लागते का. एका म्हाताऱ्या बापाने विचारलं की पोरगा पहिल्या वर्षात नापास झाला तर दुसऱ्या वर्षात बसू देता का. थोड्या वेळाने मागून एकाने पुन्हा तेच विचारलं. मग पुढच्या रांगेतून एकाने पुन्हा. बाईने प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं, पण दर वेळी डोळे क्षणभर मिटून. सुशिलाबाईला ते मिटणं ओळखीचं वाटलं. ढोराला तिसऱ्यांदा पाणी दाखवावं लागलं की तिचेही डोळे असेच मिटत.

दुपार झाली तेव्हा माईक रुचीच्या हाती आला. रुची उभी राहिली. "मॅडम, मी... मेरा थर्ड इयर..." एवढं बोलली आणि थांबली. हॉलमधल्या माना वळल्या. सुशिलाबाईने तिच्या हातातून माईक घेतला. तिने जन्मात माईक धरला नव्हता. तो तिने तोंडाला इतका लावला की पहिला शब्द सगळ्या हॉलभर गरजला.

"हे माझी सून हाय. वारासिवनीची. तिथं दोन वरसं पास झाली. आता तिसरं इथं करू द्या, एवढंच इचाराचं हाय. कागद सारे हायेत."

बाईने कागद मागवले. बराच वेळ बघितले, बाजूच्या माणसाशी बोलली, पुन्हा बघितले. मग माईक बाजूला सारून, त्या दोघींना स्टेजजवळ बोलावून म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला उगीच आशेला लावत नाही. हिचे विषय इथल्याशी जुळत नाहीत. मी हिला दुसऱ्या वर्षाला घेऊ शकते. वर पहिल्या वर्षाचेही काही पेपर द्यावे लागतील. म्हणजे एकाऐवजी दोन वर्षं लागतील."

"अन् दुसरा काई रस्ता?"

"आहे की. सगळ्यात सोपा." बाई खोकली, पाणी प्यायली. "जिथं दोन वर्षं झाली, तिथंच तिसरं करायचं. हिच्या जुन्या कॉलेजात अजून प्रवेश सुरू असतील, टी.सी. परत जमा केली की झालं. एक वर्ष राहायचं माहेरी. हे हिला तिथं कुणी सांगितलं नाही?"

सुशिलाबाईने सुनेकडे पाहिलं. रुची टेबलाच्या कडेकडे बघत होती.

बाहेर आल्यावर दोघी कडुलिंबाच्या पारावर बसल्या. सुशिलाबाईने पाय लांब करून गुडघा चोळला. डोक्यात बांधीवरच्या बाया होत्या, निम्मा रोवणा झाला असेल. मग ती म्हणाली, "तुले मालूम होतं."

रुचीने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिलेपासून, मम्मीजी. आमच्या कॉलेजच्या सरनी सांगितलं होतं, शादी झाली तरी तिथंच फायनल कर."

"मग या चकरा कायले मारू देल्या मले? उन्हातान्हात? तोंड नव्हतं का तुले?"

रुचीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "काय बोलली असती? नवीन नवीन आली अन् म्हणू, मले माहेरी जाऊ द्या? तुम्ही काय समजला असता? मी म्हटलं, खिडकीतला माणूसच नाही म्हणंल, मग विषय संपंल. मले पढायचं नाही, असं सांगून देऊ."

सुशिलाबाईला राग आला होता, आणि तो ऑटोत बसल्यावरही गेला नाही. चकरांचा राग, गुडघ्याचा राग, स्वतःच्या तोंडाचा राग. पण मुर्रीच्या वळणावर ऑटो हेलकावला, रुचीने न बोलता तिचा गुडघा दांडीला लागू नये म्हणून मधे आपला हात घातला, आणि सुशिलाबाईला ध्यानात आलं की ही पोरगी दर वेळी तसाच हात घालत आली आहे.

संध्याकाळी गुलाबचंद चिखलाचे पाय धूत होता तेव्हा तिने सांगितलं. तो बादली तशीच ठेवून वळला.

"लगन होऊन तीन मईने नाई झाले, अन् सून माहेरी? लोक म्हनतीन, पोरात काई खोट हाय."

दारात उभा असलेला हिमांशू कानापर्यंत लाल झाला. सुशिलाबाई काही बोलणार तोच तो म्हणाला, "म्हनू दे, बाबूजी."

एवढंच. पण त्या घरात बापासमोर त्याने इतकं बोलणं नवीनच होतं. गुलाबचंदने उरलेलं पाणी पायावर ओतलं आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानेच रुचीची बॅग स्टेशनवर पोहोचवली आणि गाडी येईपर्यंत थांबला.

मग प्रश्न सुशिलाबाईकडे येऊ लागले. शेजारची प्रेमिला बांधावरूनच विचारायची, "सून दिसत नाई वो?" किराणा दुकानात कुणी विचारायचं, भांडण झालं का. नात्यातल्या एका बाईने तर सरळ विचारलं की पोरीने हिमांशूला सोडलं का. सुरुवातीला सुशिलाबाई सगळं समजावून सांगायची: दोन राज्यं, दोन विद्यापीठं, न जुळणारे विषय. ऐकणारीचा चेहरा तसाच कोरा राहायचा आणि शेवटी ती पुन्हा विचारायची, "म्हनजे भांडन नाई ना?" पुढेपुढे सुशिलाबाई फक्त "शिकून राहिली" एवढंच म्हणू लागली.

सून आली की हाताला हात मिळेल अशी तिने आस धरली होती. तो हात आता वारासिवनीला वही धरून बसला होता. धान कापणं, बांधणं, चुरून मळणं, घर, ढोरं, सगळं पूर्वीसारखं तिच्याच अंगावर. रुची दिवाळीला आली, मधे एखाद्या शनिवारी यायची, गाडी उशिरा असली की तेही राहायचं. हिवाळ्यात आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. प्रॅक्टिकल बिघडलं होतं.

"मम्मीजी, सोडून देऊ का?" पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली.

सुशिलाबाई गॅसवर पोळी भाजत होती. तिने ती उलटवली, फुगू दिली, डब्यात टाकली. "सोड," ती म्हणाली. "अन् मग मी साऱ्या गावाले पुन्हा पयल्यापासून सांगत बसू?"

रुची हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी. रविवारी गाडी धरून परत गेली.

उन्हाळ्यात निकाल लागला. दुसऱ्या वर्गात पास. कैलाशभाऊ पेढे घेऊन स्वतः मुलीला पोहोचवायला आले, गुलाबचंदच्या पाया पडू लागले तर त्याने त्यांना मधेच धरलं. प्रेमिला पेढा तोंडात टाकून म्हणाली, "आता नोकरी लागल ना?" सुशिलाबाईने तिच्यापुढे पेढ्यांचा डबा पुन्हा धरला.

रुचीने आल्या दिवसापासून घर हाती घेतलं. सुशिलाबाई दुपारी पहिल्यांदाच आडवी होऊ लागली. आठवडाभर तसं चाललं. मग एका दुपारी दोघी अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा रुची हळूच म्हणाली, "मम्मीजी, बी.एड. केलं तर शाळेत लागता येते म्हणतात."

सुशिलाबाई खडे वेचत राहिली. "कुठं असते ते?"

"गोंदियालेच आहे."

"विद्यापीठ वारासिवनीवालंच का, दुसरं?"

"दुसरं."

सुशिलाबाईने सूप खाली ठेवलं, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले.

"पुढल्या हप्त्यात इचार," ती म्हणाली. "आत्ता निजू दे मले."