आपल्याच इमारतीची वकील

सभा नेहमीप्रमाणे इमारतीखालच्या गॅरेजमध्ये भरली होती. जो तो घरातून आपली खुर्ची घेऊन आला होता. ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगच्या समुद्राकाठच्या या आठ घरांच्या इमारतीचा सेक्रेटरी होता ॲलेक प्रडन. आयुष्य वाचनालयाच्या नोकरीत गेलेलं, चारचौघांत बोलायचं म्हटलं की मागे सरायचा. आज मात्र त्याला एक गोष्ट मनापासून हवी होती. आपलं छत.

तो सगळ्यात वर राहायचा. बिल्डरच्या ढिसाळ कामामुळे दर हिवाळ्यात त्याच्या पुस्तकांवर पाणी गळायचं. आता बिल्डरने तडजोड पुढे केली होती. छत लगेच दुरुस्त करून देतो, पण तळमजल्याच्या ओलीबद्दल पुन्हा कधी काही मागायचं नाही.

तळमजल्यावर राहायची विकी मानोलारोस. ती वकील. बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार तिचाच, तोही फुकट.

"मग विकी, घ्यायची का तडजोड?" मधल्या मजल्यावरच्या जॉर्ज खैरल्लाने विचारलं.

"ते मी सांगणार नाही," विकी म्हणाली. "आधी छत आणि ओल दोन्ही एकत्रच मागत होतो, तेव्हा बाजू एकच होती. आता दोन झाल्यात आणि त्यातली एक माझी आहे. मी 'घेऊ नका' म्हटलं, तर ते माझं डोकं बोलतंय की माझी ओली भिंत, हे मलाच कळणार नाही. दुसरा वकील बघा. मला न ओळखणारा."

"अगं, तू आपली आहेस," शेजारची शीला डनकर्ली म्हणाली. "परक्याला काय पडलंय आपलं?"

"काही नाही पडलेलं. तेच हवंय."

"छान," जॉर्ज म्हणाला. "ॲलेकच्या डोक्यावर गळतंय, तुझ्या पायाखालून येतंय, आणि आता माझ्या खिशातून वाहणार."

सगळे हसले. विकीही हसली, पण हलली नाही.

ॲलेकने मान खाली घातली. विकी आता स्वतःचं घर वाचवणार, असं तो आदल्या रात्रीपासून मनात म्हणत होता. सरळ माणसं त्याने पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती. जुना स्वेटर घालून घरून आणलेल्या बागेतल्या खुर्चीवर बसलेलं असं माणूस इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी नाउरा गावाहून एक वकीलबाई सभेला आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच विकी उठून बाहेर गेली.

"सही करू नका," बाई म्हणाल्या. "खालची ओल खांबांत चढतेय. आज हक्क सोडलात, तर पुढे अख्ख्या इमारतीचा खर्च तुमच्या गळ्यात पडेल. पण नकार दिलात, तर खटला भरावा लागेल आणि तो लांबेल. छत कधी होईल, सांगता येणार नाही."

हात वर झाले. तिघे तडजोड घ्या म्हणणारे, तिघे नको म्हणणारे. मग सगळे ॲलेककडे बघायला लागले.

त्याला वाटलं, हेच विकीने सांगितलं असतं तर? तर आपण तिच्या प्रत्येक शब्दामागे तिची भिंत पाहिली असती आणि छतासाठी हात वर करून मोकळे झालो असतो. या बाईंची इथे भिंतही नव्हती आणि छतही नव्हतं.

"नको," तो म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "तडजोड नको."

"हा वेडा झाला," जॉर्ज म्हणाला. पण तो ॲलेकच्या खांद्यावर थोपटत होता.

ॲलेक बाहेर आला. विकी कचऱ्याच्या डब्यांपाशी थंडीत हात चोळत उभी होती. त्याने निर्णय सांगितला.

"तू पण हेच सांगितलं असतंस ना?" त्याने विचारलं.

"ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही."

"आता तरी सांग. झालं ना सगळं."

"कुठे झालं? खटला अजून चालायचाय," ती म्हणाली. "आणि माझी भिंत अजून ओलीच आहे."

ॲलेकने पुन्हा विचारलं नाही. तो तिच्यासोबत तिथेच थांबला. आत वकीलबाई खटल्याबद्दल बोलत होत्या आणि ते संपेपर्यंत विकीला आत जायचं नव्हतं.