मामांची चौतीस इंच कंबर

टेलरमामांची कंबर एक्केचाळीस इंच निघाली. असो. ही बातमी तूर्त कुणीच ऐकलेली नाही, असं धरून चालू. मामांनी तर नाहीच नाही. त्यांच्या लेखी ती चौतीस आहे आणि लग्नातही चौतीसच होती.

रोज सकाळी माडीवरचं दुकान उघडलं की मामा आधी स्वतःचं माप घेत. त्याला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ साठाव्या वर्षी याच दुकानाच्या जिन्यात, पाचव्या पायरीवर दम खायला बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून मामांनी मनाशी ठरवलं होतं, पोट सुटू द्यायचं नाही. आणि आता मामांना साठावं लागलं होतं.

गाव म्हणाल तर सगळंच गुटगुटीत. बसच्या दारात अडकलेला माणूस म्हणायचा, "थंडीत लोखंड आकसतं." पण मामांकडे माप दिलं की जो तो खूश.

"पुन्हा छत्तीसच?" पोस्टमास्तर विचारायचे.

"छत्तीसच."

"बघा! आणि आमची ही म्हणते, चालायला जा."

मामांना मात्र हल्ली जिना चढताना धाप लागायची. पोट असतं तर गोष्ट वेगळी. पोट नाही आणि धाप आहे, म्हणजे नक्कीच आत काहीतरी भयंकर! पाचवी पायरी तर ते ओलांडूनच जात, आणि त्या लांब ढांगेने आणखी धाप लागे.

"आतून वाळत चाललोय गं मी," ते बायकोला म्हणाले.

ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "आतून वाळताय आणि बाहेरून खुर्चीत मावत नाही. डॉक्टरकडे जा."

"चौतीस कंबर आहे माझी!"

"मग तुमच्या विजारीला माझ्या दोन झग्यांचं कापड का लागतं?"

"कापडवाला मापात मारतो." त्यावरून मामांचं कापडवाल्याशी बोलणंही बंद होतं.

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, मग खणातून टेप काढून पोटाभोवती धरली. "एक्केचाळीस."

"तुमची टेप आटलीय," मामा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली स्वतःची टेप काढली. "ही घ्या. चौतीस."

बाईंनी दोन्ही टेपा तपासणीच्या टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. त्यांची टेबलावर संपली. मामांची कडेवरून खाली लोंबत राहिली.

मामांच्या डोळ्यांपुढे दुकानातला खिळा आला. कात्री हरवू नये म्हणून ते ती टेपच्या टोकाला बांधून रोज रात्री खिळ्याला टांगत. कात्री चांगली वजनदार होती. वर्षानुवर्षं टेप ताणली गेली. माणूस त्याच टेपने मोजायचा, कापडही त्याच टेपने. त्यामुळे कपडा कधी बिघडला नाही. बिघडला तो फक्त आकडा.

"म्हणजे मला भयंकर काही नाही?" मामांनी आशेने विचारलं.

"आहे ना. पोट आहे. हृदय अजून धडधाकट आहे, मामा, पण ते काही तुमचा नोकर नाही. कमी खा, चाला."

परतताना मामांना आठवलं, भावाचं शेवटचं माप त्यांनीच घेतलं होतं. टेप तेव्हा कोरी होती. एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी नव्या टेपने पोस्टमास्तर त्रेचाळीस भरले. ते पांढरेफटक पडले. दुपारपर्यंत जिन्याखाली गर्दी जमली. वर चढायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून सगळे खालूनच ओरडत होते, "मामा, जुनी टेप काढा!"

मामा खाली उतरले. गर्दीला पाठ करून पुन्हा चढू लागले. पाचवी पायरी आली. या वेळी त्यांनी ढांग टाकली नाही. पाय ठेवला, कठडा धरला, छातीतले ठोके ऐकत उभे राहिले. बसले मात्र नाहीत. दम खाऊन वर गेले आणि बायकोला म्हणाले, "लिही."

"वजन-मापे कार्यालयाचे प्रमुख साहेब यांस. अर्जदार आजपासून रोज जिना चढणार आहे. परंतु त्यास उशीर झाला आहे. सबब आमच्या गावापुरता इंच वाढवून मिळावा. ते नियमात बसत नसल्यास, निदान अर्जदाराचे वय तरी जुन्या टेपने मोजण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."