चवबाईची हिरवी चिठ्ठी

बिस्किटाच्या कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची ती चवबाई. बावीस वर्षं ती पगार घेऊन बिस्किटं खात होती, आणि हे ऐकलं की जो तो म्हणे, मजा आहे बाई तुमची. मजा कसली डोंबलाची. सकाळी बारा नमुने, दुपारी बारा. प्रत्येकातलं अर्धं बिस्किट चावायचं, जिभेवर घोळवायचं आणि गिळायचं. इतर कारखान्यांतले चाखणारे चावून थुंकून टाकतात म्हणे. चवबाईला ते पटत नसे. खरी चव मागून येते, घास घशाखाली उतरला की, असं तिचं ठाम म्हणणं. त्या हट्टापायी ती वर्षागणिक रुंद होत गेली आणि एक दिवस खुर्ची बदलून द्यावी लागली.

चाखण्याची खोली म्हणजे एक लांबट टेबल, मध्ये फळीचा आडोसा, अलीकडे चवबाई, पलीकडे तिची जोडीदारीण. बोलायचं नाही, एकमेकींचं तोंड बघायचं नाही. बिस्किट चांगलं असेल तर पेटीत हिरवी चिठ्ठी टाकायची, नसेल तर लाल; चिठ्ठीवर नमुन्याचा आकडा आणि आपली सही. दोघींच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर तो माल थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखायचा, असा नियम होता. चवबाईचा स्वतःचा नियम त्याहून सोपा होता. घशाशी आलं की लाल. बावीस वर्षांत तिचा घसा एकदाही चुकला नव्हता, आणि त्याचा तिला भयंकर तोरा होता.

घरी ती आणि आई, दोघीच. साखरेपायी आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी चवबाई तिची पट्टी बदलायची. औषधाचा, घामाचा आणि जुन्या जखमेचा मिळून जो एक वास येतो, तो तिच्या नाकातून दुपारपर्यंत हलत नसे. आई मात्र तोंडाने खमकी. "शिसारी येते ना? मलाही येते," ती म्हणायची. "पण माझाच पाय आहे, टाकू कुठे?" असं म्हणून स्वतःच हसायची.

मग चवबाईच्या टाचेला जखम झाली. चपलेने सोललं होतं, एवढंच. पण तीन महिने ती भरेना, आणि एका सकाळी स्वतःच्या पट्टीलाही तोच वास आला. ती त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या. साखर नको तितकी वर, लिव्हरवर चरबी, वजनाचं तर बोलायलाच नको. "आपण जेवलो की आतड्यातून दोन हार्मोन सुटतात," त्या म्हणाल्या. "ते मेंदूला सांगतात, पुरे आता. आणि स्वादुपिंडाला सांगतात, इन्शुलिन सोड. हे इंजेक्शन त्या दोघांचं काम करतं. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामं होतं, साखर उतरते, वजनही उतरतं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. सुरुवात लहान डोसने, मग हळूहळू वाढवू. मळमळेल, विशेषतः डोस वाढवला की. थोडं थोडं खा, तेलकट टाळा, चालणं ठेवा. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. बंद केलं की भूक परत येते, तिच्या मागून वजन आणि साखरही."

"पाय वाचेल ना?" चवबाईने विचारलं.

"साखर आटोक्यात राहिली तर जखम भरायला पुष्कळ मदत होईल. तुम्ही काम काय करता?"

"कारखान्यात. बसून," चवबाई म्हणाली. खरं सांगायची लाज वाटली. इतक्या साखरेची बाई दिवसाला डझनभर बिस्किटं गिळते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

कारखान्यातही ती काही बोलली नाही. चाखणाऱ्या बाईचं पोट बिघडलंय म्हटलं की तिची रवानगी पॅकिंगला, हे तिने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

इंजेक्शन लागू पडलं, आणि कसं. दोन महिन्यांत साखर इतकी खाली आली की डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनसोबत दिलेली साखरेची एक गोळी बंद केली. टाचेची जखम कडेने गुलाबी होत भरू लागली. परकरांच्या नाड्या आवळाव्या लागल्या. आई म्हणाली, "अर्धी झालीस गं. उरलेली अर्धी तेवढी ठेव, मला उचलायला लागते."

पण जिभेचं वाटोळं झालं. आधी लोण्याचा वास नकोसा झाला. मग भट्टीतून येणारा तो गरम गोड वास, ज्यावर रस्त्याने जाणारे लोक थांबून नाक वर करायचे, तो तिला भिजून कुजलेल्या पुठ्ठ्यासारखा येऊ लागला. क्रीमच्या बिस्किटांचं ताट समोर आलं की तोंडात पाणी सुटायचं, पण ते ओकारीआधीचं. दोन बिस्किटांमधला तो पांढरा थर दातांना चिकटायचा, टाळूला लेप बसायचा, आणि गिळताना अंगावर काटा यायचा. शी. इतकी वर्षं आपण हे पोटात कोंबत होतो? तिला बिस्किटांची किळस येई आणि स्वतःचीही. तरी ती गिळायची, कारण ती चवबाई होती. दुपारनंतर मोरीत जाऊन नळ मोठा सोडायचा आणि भडाभडा ओकायचं, हे तिचं रोजचं होऊन बसलं.

आता घशाशी सगळंच येतं, मग लाल कशाला द्यायची? चवबाईने यावर डोकं चालवलं. पाणी पिऊन बघायचं. पाण्याचीही किळस आली तर ती किळस इंजेक्शनची, बिस्किटाची नाही. तेवढी वजा करायची आणि उरेल तो बिस्किटाचा दोष. हिशोब तिला फार हुशारीचा वाटला, आणि काही आठवडे तो चाललाही.

मग पुन्हा डोस वाढला. रविवारी संध्याकाळी तिने टोचून घेतलं आणि मंगळवारी सकाळी तिला जगाचाच वीट आला. साबण नको, उशी नको, आईची पट्टी तर तिने तोंडाला पदर लावून बदलली. कामावर गेली तर जोडीदारणीच्या केसांच्या तेलाचा वास फळीपलीकडून तिच्या अंगावर येत होता. सातवा नमुना क्रीमचा. तिने तो तोंडात टाकला आणि घशाशी खवट चव आली, जुन्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या तेलाची. ती पाणी प्यायली. पाणीही तसंच, खवट. तोंडच खवट झालंय मेलं, असं म्हणून तिने वजाबाकी केली आणि पेटीत हिरवी चिठ्ठी टाकली.

मॅनेजरसाहेबांनी पेटी उघडली. सातव्या नमुन्याला एक हिरवी, एक लाल. साहेब जोडीदारणीकडे वळले. "चवबाई हिरवी देतायत आणि तुम्ही लाल? ट्रक दारात उभा आहे. उद्यावर ढकलायचं का?"

जोडीदारीण गोरीमोरी झाली. सहा वर्षं ती चवबाईच्या हाताखाली शिकली होती. "त्यांनी पास केलंय म्हणजे माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली आणि तिने चिठ्ठी बदलली.

चवबाईने हे सगळं ऐकलं. 'थांबा, उद्या बघू' एवढं म्हणायला काय जात होतं? पण ओकारी दाताशी आली होती. ती तोंड मिटून तशीच मोरीकडे पळाली.

पंधरा दिवसांनी खोकी परत येऊ लागली. एका बालवाडीच्या सहलीत अकरा पोरं बसमध्ये ओकली होती. दोन पोरांना सलाईन लावावं लागलं. पोरं सुधारली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

साहेबांनी दोघींना खोलीत बोलावलं. टेबलावर परत आलेला एक पुडा होता आणि शेजारी टाईप केलेला कागद. चवबाईने आधी पुडा उचलला, फोडला आणि एक बिस्किट तोंडात टाकलं. आज शनिवार होता, पोट शांत होतं, सकाळपासून पाण्यालाही चव होती. बिस्किट खवट होतं. क्रीमचं तेल आधीच खराब झालेलं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. ही तीच चव होती, मंगळवारची. तिने ते गिळलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती थुंकली, साहेबांच्या कचरापेटीत.

"कागद वाचा," साहेब म्हणाले.

कागदावर लिहिलं होतं की माल कारखान्यातून निघाला तेव्हा उत्तम होता, दोन्ही चाखणाऱ्यांनी तो पास केला होता, आणि ड्रायव्हरने ट्रक दोन दिवस उन्हात ठेवल्यामुळे तो बिघडला. खाली दोघींच्या सह्यांसाठी जागा.

"ड्रायव्हरने ठेवला होता उन्हात?" चवबाईने विचारलं.

"ट्रक म्हटला की ऊन आलंच," साहेब म्हणाले. "त्याला दुसरं काम मिळेल. तुमच्या जिभेवर अख्खं नाव उभं आहे कंपनीचं. करा सही."

जोडीदारणीने पेन हातात घेतलं होतं, पण ती चवबाईकडे बघत होती. आताही तिला चवबाईची चिठ्ठी आधी बघायची होती. ते बघून चवबाईला जी शिसारी आली, तशी कुठल्याही बिस्किटाने कधी आली नव्हती.

"तिची लाल बरोबर होती," ती म्हणाली. "मला पण खवट लागलं होतं. मी इंजेक्शन घेते साखरेचं. सगळ्याचीच किळस येते, म्हणून मला वाटलं हे पण त्याचंच. आणि तिने चिठ्ठी बदलली तेव्हा मी गप्प बसले. ओकली ती पोरं माझ्यामुळे."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तेच ते का, वजनाचं? तरीच म्हटलं, तुम्ही एवढ्या वाळल्या कशा," ते आवाज उतरवून म्हणाले आणि टेबलाला टेकलेल्या पोटावरून त्यांनी हात फिरवला. "मलाही घ्यायचंय. किती उतरलं तुमचं? नाव लिहून द्या ना."

अकरा पोरं, एक ड्रायव्हर, आणि या माणसाला स्वतःचं पोट सुचत होतं. चवबाईने जोडीदारणीच्या हातातून पेन काढून घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: सातवा नमुना खवट होता. मला कळलं होतं. तरी मी पास केला. ट्रकचा संबंध नाही. खाली तिने तारीख घालून सही केली.

साहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला. "हे मी ठेवतो माझ्याकडे," ते म्हणाले. "बघू काय करायचं ते. तुम्ही एक करा, ते इंजेक्शन बंद करा. महिनाभरात जीभ येईल ठिकाणावर. खुर्ची तुमचीच. झालं गेलं विसरून जाऊ."

चवबाईच्या नजरेसमोर कडेने गुलाबी झालेली ती टाच आली. "बंद नाही करणार," ती म्हणाली. "आणि कागद ठेवून घ्यायचा नाही. वर हेड ऑफिसला पाठवा, नाहीतर मीच तसाच दुसरा लिहून पाठवते. खुर्ची हिला द्या. हिला कळतं."

"मग पॅकिंगला जावं लागेल," साहेब म्हणाले. "तिथे खुर्ची नसते. आठ तास उभं राहायचं, या वयात. जमणार आहे?"

"पाय आहेत मला," चवबाई म्हणाली. "दोन्ही. राहीन उभी."