रज्जाकची चार पावलं

"चाचा, नेहमीसारखंच. आधी मनात पाऊल, मग जमिनीवर," स्वराज इंजिनिअर रज्जाकच्या कानाशी पुटपुटला आणि मागे सरकला.

खंडाळ्याच्या हॉटेलातलं दालन यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला आलेल्या पाहुण्यांनी भरलं होतं. रज्जाकच्या कमरेपासून घोट्यांपर्यंत यंत्राचा सांगाडा आवळलेला, डोक्यावर मनातलं ओळखणारी तारांची टोपी. पहिल्या रांगेत त्याची बायको बिस्मिल्ला ईदची साडी नेसून, पदर मुठीत धरून बसली होती.

एकतीस वर्षं तो घाटात रेल्वेचा की-मन होता. हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून, स्लीपरमागून स्लीपर चालायचं, हीच नोकरी. तीन वर्षांपूर्वी रुळाखालच्या मोरीच्या पुलावरून पडला आणि कमरेखालचं अंग परकं झालं. मग वराळे गावातल्या आपल्या शेडमध्ये स्वराजने हे यंत्र दाखवलं. रज्जाक डोळे मिटून मनातल्या मनात स्लीपर मोजायचा, घामाघूम व्हायचा, तेव्हा कुठे एक पाऊल पडायचं. सात महिन्यांत चार पावलं. चौथं पडलं त्या दिवशी स्वराजने घरी येऊन दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला होता. "चाची, मी आता या घरचाच," म्हणाला होता.

आज पावलं भराभर पडत होती. पाच, सहा, सात. बिस्मिल्लाचे डोळे वाहत होते. अखेर जमलं, रज्जाकला वाटलं.

तेवढ्यात खिडकीखालच्या घाटातून गाडीची शिट्टी आली. शिट्टी ऐकली की की-मन पाऊल आवरतो. रज्जाकचं मन जागच्या जागी थांबलं.

पाय थांबले नाहीत. आठ, नऊ, दहा.

त्याने मान वळवली. स्वराजचा अंगठा मोबाईलवर फिरत होता.

टाळ्या ओसरल्या तशी बिस्मिल्ला धावत आली. "अवो, चाललात की तुमी!"

"मी न्हाई चाललो. ह्यानं चालवलं."

स्वराज खाली वाकला. "चाचा, हळू बोला ना. तुमच्या चार पावलांना अर्धा तास लागतो. एवढे मोठे लोक थांबले असते का?"

"चारच व्हती, पर माजी व्हती. इचारायचं तरी व्हतंस. माज्या बायकोम्होरं बाहुलं केलंस रं माजं."

"पुढच्या वेळी खरंच तुम्हीच..."

"पट्टे सोड."

बिस्मिल्ला बघत राहिली. "मंग मी रडले कशाला वो?"

रज्जाकने तारांची टोपी काढून स्वराजच्या हातात दिली.

तिने त्याची चाकाची खुर्ची ढकलत हॉटेलच्या फाटकाबाहेर आणली. खाली मालगाडी घाट चढत होती. रूळ धड असला की की-मन जाणाऱ्या गाडीच्या गार्डला हात वर करून खूण देतो, सगळं ठीक आहे. नोकरी गेली तरी रज्जाकची ती सवय गेली नव्हती. खुर्चीत बसूनही दिसेल त्या गाडीला तो हात करायचा. गार्ड लोकही त्याला ओळखत.

शेवटच्या डब्यातून गार्डने हात वर केला.

रज्जाकने खुर्चीचा ब्रेक लावला, गाडीकडे तोंड केलं आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. हात मांडीवरच होता.