तीनशे वेळा टाकलेला फासा

मित्रांनो, लुडोच्या डब्यातला मी एक जुना, पिवळट पडलेला फासा आहे. अंबरनाथच्या आनंदनगरातल्या कारखान्यात साच्यात प्लॅस्टिक ओतून मला घडवले, तेव्हा सहाच्या बाजूला आत हवेचा एक बुडबुडा राहून गेला. बाहेरून मी अगदी साजरा दिसत होतो. माझे मलाही काही ठाऊक नव्हते.

२००४ साली मी अंबरनाथ पश्चिमेच्या एका चाळीत आलो. खोल्या सहा, नळ एक आणि पाणी सकाळी जेमतेम पाऊण तास. रोजची भांडणे मिटावीत म्हणून सहाव्या खोलीतल्या भागीरथी आजींनी युक्ती काढली. रोज सकाळी त्या मला टाकत. जो आकडा पडेल ती खोली आधी, मग पुढच्या ओळीने; सहानंतर पुन्हा एक. म्हणजे सहा पडले की पाचवी खोली सगळ्यात शेवटी. सगळ्यांना हे पटले आणि माझा भाव वधारला!

पाचव्या खोलीत सातवीतली यशोधरा आणि तिची आई राहत. आई कारखान्यात पॅकिंगला जाई. पाणी उशिरा मिळाले की कामाला उशीर. "अजून एक लेट मार्क झाला की घरी बसायचं," असे तिला बजावले होते.

"उद्या पाच येणारच, वहिनी," दुसऱ्या खोलीतले सुदामकाका धीर देत. "आठवडा झाला, आला नाही ना!"

मला हसू येई. काल काय पडले ते मला कुठे आठवते? प्रत्येक खेप मला नवीच.

यशोधराला मात्र शंका आली. रविवारी तिने मला ओट्यावर बारा वेळा टाकले. त्यात पाच वेळा सहाच पडले.

"बारा टाइममध्ये काय कळतंय? लुडोत मला सलग तीन सहा पडतात," काका म्हणाले.

त्यांचेही खरे होते. मग पोरीने मला तीनशे वेळा टाकले! बोटे दुखली, तरी वहीत रेघा मारत राहिली. प्रत्येक आकडा पन्नासच्या आसपास यायला हवा. थोडे इकडेतिकडे चालते. सहा पडले एक्क्याण्णव वेळा. एक फक्त बावीस वेळा.

सगळे आजींकडे बघू लागले. त्यांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आजी, तुमची चीटिंग नाही," यशोधरा घाईने म्हणाली. "आज तर मीच टाकला ना! फासाच एका बाजूला हलका असेल."

आजींनी वही ओढून रेघा बोटाने मोजल्या. "म्हणजे वर्षभर मी तुमच्या वाटचं पाणी भरलं गं," त्या म्हणाल्या.

सोमवारी मला कोणी टाकलेच नाही. रोज एकेका खोलीचा पहिला नंबर अशा पाळ्या ठरल्या होत्या, आणि पाचव्या खोलीचा हंडा आजींनी स्वतः नळाखाली पहिला लावला. यशोधराची आई वेळेवर कामावर पोहोचली.

मित्रांनो, बाजू सहा असल्या म्हणून सहांनाही सारखी संधी असतेच असे नाही. कोणी रोज शेवटी उभे राहत असेल, तर त्याचे नशीबच फुटके म्हणू नका. वही घ्या आणि मोजा.