पाच फूट साडेआठ

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात मी मुलींच्या खेळांची बाई होते, तेव्हाची ही गोष्ट. साल चौऱ्याऐंशी. आजही सांगताना डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून ठेवते की गोडगोड बोलणं मला जमत नाही. आणि या गोष्टीत सगळ्यात मोठी चूक ज्या बाईची आहे, ती मीच.

बास्केटबॉलच्या निवडीची नोटीस लागली की चाळीस पोरी जमायच्या. त्यातल्या पस्तीस हजेरी मिळते म्हणून. ओढणी कमरेला खोचून चेंडूपासून लांब पळायच्या. मैदान म्हणजे लायब्ररीमागचा सिमेंटचा तुकडा आणि दोन खांब. एका खांबाची रिंग मुलांनी लटकून लटकून वाकवून ठेवलेली. दुरुस्तीसाठी मी सहा अर्ज दिले. सहाव्या अर्जावर शेरा आला, ‘लड़कियों के लिए ठीक है.’ सहा वर्षं आमचा संघ जबलपूरला विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरून परत येत होता, आणि स्टाफरूममध्ये लोक हसत विचारत, ‘काय अहिल्याबाई, जबलपूर पाहून झालं?’

त्या वर्षी मात्र दोन पोरी अशा आल्या की मी शिट्टी वाजवायची विसरले. एक वारासिवनीची उमा. एवढीशी, पण तिच्या हातातला चेंडू काढून घेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. दुसरी लामत्याची आनंदी. तिथल्या पोस्टमास्तरांची मुलगी, रोज नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं येणं-जाणं करायची. रिंगखाली उभं राहून तिनं हात वर केला की बाकीच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. पण चेंडू हातातून गेला की हिचे खांदे आत, मान खाली, पाठीला बाक. ठेंगण्या दारातून आत शिरावं तशी ती मोकळ्या मैदानावर चालायची.

‘सरळ उभी राहा ना गं!’ मी ओरडायचे.

‘हौ बाई,’ म्हणायची आणि दोन मिनिटांत पुन्हा वाकायची.

निवड झाल्यावर प्रत्येक मुलीची उंची मी स्वतः मोजायचे. सामानाच्या खोलीच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर वही आडवी धरायची, पेन्सिलीची रेघ मारायची आणि टेप लावायचा. आनंदीला मी खांदे धरून चौकटीला टेकवलं. रेघ मारायला मलाच टाचा उचलाव्या लागल्या, आणि मी स्वतः पाच-सात आहे.

‘पाच फूट साडेआठ!’ मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

‘बाई, थोडी कमी लिहा न,’ ती हळूच म्हणाली.

‘उंची काय भाजी आहे, भाव पाडून द्यायला?’ मी हसून उडवून लावलं. तिनं तसं का म्हटलं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आणि मग दरवर्षीप्रमाणे मी माझ्या छान अक्षरात यादी लिहिली. नाव, गाव, उंची. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावली. पोरी धावत येऊन आपापली उंची बघायच्या, एकमेकींना टपल्या मारायच्या, ते मला आवडायचं.

तिसऱ्या दिवशी त्या फळ्यासमोर आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, उभे होते. गुणाकरबाबू. चष्मा कपाळावर सरकवून, बोट ठेवून यादी वाचत होते. त्यांच्या पुतण्याचं लग्न आनंदीशी ठरत आलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. पुतण्या कटंगीला वीज मंडळात होता. गुणाकरबाबू स्वतः मुलगी बघून आले होते. ती रोज त्यांच्या खिडकीवरून पुस्तकं छातीशी धरून, वाकून जात होती. पण तो बाबू माणूस. डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि कागदावर असतं ते खरं, अशी त्यांची नोकरीच झाली होती.

त्यांचा निरोप लगेच लामत्याला गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आनंदीचे वडील आले. मधुकरराव. मैदानावरच येऊन उभे राहिले.

‘तुम्ही माह्या पोरीचं वाटोळं केलं बाई.’

‘मी? मी तर तिला संघात घेतलं.’

‘संघात घ्या न! उंची काहून टांगली फळ्यावर? त्याहिले आम्ही पाच-तीन सांगतली हाय. पोरगा पाच-पाच हाय.’

‘मग बघायला आले तेव्हा दिसली नाही त्यांना?’

‘पाहाले आलते तवा ती पाटावर बसून होती. अन् चहा द्याले पोरगी वाकूनच येते न. तिच्या मायनं महिनाभर शिकवलं तिले, कसं चालाव, कसं उभं राहाव.’

म्हणजे तो बाक शिकवलेला होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘धडधाकट पोरीला तुम्ही वाकायला शिकवलं? लाज नाही वाटली? आणि लग्न झाल्यावर काय, दिसणारच ना?’

‘लगन लागल्यावर कोन मोजते!’ ते ओरडले. मग एकदम आवाज खाली आला. ‘चार जागी नाही म्हटलं हो बाई. चार जागी. सगळ्याहिले पोरगी पसंत, फक्त उभी राहिली की नापसंत. तुम्हाले काय जाते बोलाले. तुमच्या घरी पोरगी नाही.’

ते खरंच होतं. माझ्या घरी मी आणि माझी म्हातारी आई, एवढंच.

शेवटी त्यांनी सौदा मांडला. मी यादीत पाच-तीन करायचं आणि लिहिण्यात चूक झाली होती असं गुणाकरबाबूंना सांगायचं. मग आनंदीला जबलपूरला पाठवायच्या कागदावर ते सही देतील. नाहीतर उद्यापासून तिचं कॉलेजच बंद.

कागदाशिवाय मुलीला परगावी नेता येत नव्हतं. आणि आनंदीशिवाय सातव्या वर्षीही मी ‘जबलपूर पाहून’ परत येणार होते. मी स्वतःची समजूत घातली की एका आकड्यानं काय होतं, पोरगी खेळेल तर खरी. फळ्यावरचा कागद काढला, नवा लिहिला. आनंदी, लामता, पाच फूट तीन. माझं अक्षर तसंच छान आलं, याचा मला आजही राग येतो.

गुणाकरबाबूंनी तो वाचला आणि पान खाल्लेल्या तोंडानं हसले. ‘हो जाता है मॅडम. गलती सबसे होती है.’

मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

त्या दिवशी सरावात आनंदी विचित्र खेळली. उमानं रिंगखाली नेमका पास दिला, चेंडू आनंदीच्या डोक्यावरून गेला, तिनं हात अर्धाच वर नेला. पुन्हा पास, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चेंडू लायब्ररीच्या भिंतीवर आपटला तेव्हा मी शिट्टी फुंकत आत शिरले.

‘उडी का मारत नाहीस? झोपेत आहेस का?’

ती माझ्याकडे वळली. तिला रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ‘पाच फूट तीन इंचाची पोरगी इथपर्यंतच पोहोचते बाई,’ तिनं हात खांद्याच्या जरा वर धरून दाखवला. ‘फळ्यावर तुमचंच अक्षर हाय.’

उमानं चेंडू उचलून काखेत धरला.

‘तुझ्यासाठीच केलं मी ते!’

‘बाबाही असंच म्हणतात. माय बी असंच म्हणते.’ तिनं कमरेची ओढणी ओढून घट्ट केली. ‘त्याहिचा मले राग नाही येत. त्याहिले काय समजते? पण तुम्ही मोजलं होतं न बाई. तुम्ही टेप लावून मोजलं होतं.’

मी तिला मैदानाबाहेर काढलं. हो, काढलं. ‘वर तोंड करून बोलतेस, चालती हो,’ असंही म्हटलं. ती दप्तर घेऊन स्टेशनकडे गेली. मी सामानाच्या खोलीत येऊन बसले, तर समोर चौकटीवर तिची पेन्सिलीची रेघ.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा माझे वडील तहसील कचेरीत होते आणि त्यांनीही माझी उंची पाच-दोन सांगितली होती. मलाही पाटावर बसवलं होतं. सगळं जमत आलं आणि मुलाच्या आत्यानं मला उठवून मुलाच्या पाठीला पाठ लावून उभं केलं. आधी आत्या हसली, मग मुलगा हसला, मग आमच्याच घरची माणसं तोंड दाबून हसली. पोहे तसेच ठेवून ती मंडळी गेली. रात्रीच्या जेवणाला वडील म्हणाले, ‘जरा वाकून उभी राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?’ त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याशी शेवटपर्यंत नीट बोलले नाही. सरळ चालायचं, कुणाला भ्यायचं नाही, असं पोरींना शिकवत वीस वर्षं काढली. आणि माझ्या हाती टेप आल्यावर मी तेच केलं जे त्यांनी केलं होतं. मला माझीच शिसारी आली.

उठले. तडक फळ्याशी गेले. ऑफिसात खोडाखोड करायची एक पद्धत असते. चुकीचा आकडा लाल शाईनं आडवा खोडायचा, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख. मी तसंच केलं. पाच-तीन खोडलं, पाच-साडेआठ लिहिलं, सही केली. कागद काढून गुणाकरबाबूंच्या टेबलावर ठेवला.

‘दुरुस्ती आहे. शिक्का मारा.’

त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. ‘मॅडम, समजून राह्यले न काय करता ते? लगन मोडन.’

‘मोडू द्या. खोटं मी लिहिलं होतं, ते मी खोडलं. शिक्का मारता की मी मारू?’

‘दुसऱ्याच्या पोरीच्या जिंदगीत तुम्ही काहून पडता?’

खरंच, मला कुणी अधिकार दिला होता? पण शिक्का मी उचलला, शाईवर दाबला आणि मारला. घाईत तो तिरपा उठला.

दुसऱ्या दिवसापासून आनंदी आली नाही. चार दिवस, पाच दिवस, आठ दिवस. लग्न मोडल्याची बातमी कॉलेजभर झाली. स्टाफरूममध्ये आता मला कुणी जबलपूरचं विचारत नव्हतं. मी आत शिरले की बोलणंच थांबायचं. मी लामत्याला पत्र लिहिलं. पोस्टमास्तरांनाच पत्र, तेव्हा मिळालं नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती. ‘तुमच्या मुलीची उंची मी खोटी लिहिली, ती आता दुरुस्त केली आहे. तिला न विचारता आधी चारचौघांत टांगली, तीही माझीच चूक. संघ बुधवारी सकाळच्या गाडीनं निघतो. गाडी लामत्याला थांबते. परवानगीचा कागद सोबत आहे.’ विनवणीची एक ओळ लिहिली होती, ती खोडून टाकली. उत्तर आलं नाही.

दहा जणींचा संघ. मी नऊच मुली ठेवल्या आणि दहाव्या जागी आनंदीचंच नाव राहू दिलं.

‘एक जगह खाली है मॅडम,’ गुणाकरबाबू फॉर्म तपासताना म्हणाले.

‘खाली नाही. ती लामत्याला चढणार आहे,’ मी ठणकावून सांगितलं. माझा स्वतःचा विश्वास नव्हता.

बुधवारी गाडी निघाली. पोरी डबे उघडून बसल्या, उमा खिडकीशी. मी दारातच उभी राहिले. लामतं जवळ आलं तसं मी दाराचा दांडा धरून बाहेर बघू लागले. आली नाही तर कुणावर ओरडणार होते मी? तिच्या बापावर? त्यांच्या घरी पाचवा नकार मीच तर पाठवला होता.

गाडी फलाटाला लागली. बाजाराचा दिवस असावा, टोपल्या, पोती, माणसं यांची ही गर्दी. पण मला तिला शोधावं लागलं नाही. फलाटावरच्या सगळ्या डोक्यांच्या वर तिचं डोकं होतं. बाया वळून वळून बघत होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती. मान ताठ, खांदे मागे, रडून सुजलेले डोळे आणि हातात पिशवी.

मधुकरराव तिच्याबरोबर होते. तिच्या कानापर्यंत येत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी घडी केलेला कागद पुढे केला.

‘तो बाबू घरी आलता,’ ते म्हणाले. ‘माह्या तोंडावर म्हणाला, उंट बांधाले आमच्या घरी जागा नाही. पोरगी दारामागं उभी होती. घरात मीच तिले काय-काय बोललो बाई, पण त्यानं काहून बोलाव?’ कागद त्यांनी माझ्या हातात कोंबला. ‘तुमच्यावरचा राग गेला नाही माहा. सांगून ठेवतो.’

‘जाऊ देऊ नका,’ मी म्हटलं.

शिट्टी झाली. आनंदी माझ्या बाजूनं आत शिरली. उमानं सरकून दिलेल्या जागेवर जाऊन बसली. तिचाही राग गेला नव्हता, आणि जायचं कारणही नव्हतं. गाडी सुटल्यावर मी कागद उघडला. सही होती. त्या कागदावर उंचीचा रकाना नव्हताच. पण सहीखाली मधुकररावांनी पोस्टातल्या टाकानं, आपल्या हातानं लिहिलं होतं, ‘पाच फूट साडेआठ इंच’, आणि त्यावर लामता पोस्टाचा गोल शिक्का अगदी सरळ मारला होता.