फुकटाची पंगत

वेणीमाधव सरांच्या हातातला डाव हलला आणि हुग्गी पत्रावळीत पडायच्या ऐवजी एका गृहस्थाच्या गुडघ्यावर पडली.

"सर, गुडघ्याला खीर चोळून दुखणं जात नाही हो," शेजारचा म्हणाला आणि अख्खी पंगत हसली.

सरांचं लक्ष हुग्गीत नव्हतंच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी ते मठाच्या अन्नछत्रात वाढायला येत. आज मात्र त्यांची नजर सारखी खांबापाशी बसलेल्या लेकीकडे जात होती. उत्कर्षा पुण्याची नोकरी सोडून उन्हाळ्यात घरी आली होती. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि त्या चालत्या ठेवायच्या, हा तिचा नवा धंदा. आतापर्यंत आली ती सगळी किरकोळ कामं. इकडे जुनी कंपनी परत बोलावत होती. आज गुरुसिद्धप्पांच्या कारखान्याच्या वेबसाइटचं काम मिळालं तर पोरगी सोलापुरात राहील, नाहीतर गेलीच, अशी सरांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. राहा म्हणायची जीभ मात्र उचलत नव्हती. पोरीच्या पायात आपण बेडी कशाला घालायची?

त्यात निघताना बायकोने, सरोजिनीबाईंनी बजावलं होतं, "तिथे नुसतं वाढा. बोलायला जाऊ नका. तुम्ही बोललात की होणारं काम मोडतं."

गुरुसिद्धप्पा पलीकडच्या रांगेत भात वाढत होते. त्यांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. एकेकाळी याच वेणीमाधव सरांच्या वर्गात ते मागच्या बाकावर बसत. सोमवारी ते कारखान्यात पाऊल टाकत नसत, म्हणून बोलणी करायला त्यांनी उत्कर्षाला मठातच बोलावलं होतं.

वाढणाऱ्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, ही इथली रीत. आचारी सिद्रामप्पांनी पानं मांडली. सर, उत्कर्षा आणि गुरुसिद्धप्पा शेजारी शेजारी बसले.

"जूनमध्ये शाळांच्या ऑर्डरी लई तुटून पडत्यात," गुरुसिद्धप्पांनी भात कालवत सुरुवात केली. "साइट बंद पडून चालत न्हाय. तर ते सर्व्हर का काय ते, त्याच्यावर विंडोजच टाकणार की? माझ्या ऑफिसात तेच हाय."

"नाही काका, लिनक्स. माझ्या लॅपटॉपवरही तेच आहे. जिथे बनवायचं आणि जिथे चालवायचं, दोन्हीकडे एकच असलं की घोळ होत नाही."

"किती पडतंय त्याचं?"

"त्याचं काही नाही. सर्व्हरचं भाडं आणि माझी मजुरी तेवढी. लिनक्स फुकट आहे, जगभरची माणसं मिळून ते बनवतात आणि वाटतात."

सरांचा घास हातातच राहिला.

"मी हिला हेच सांगतो!" ते बोलून गेले. "फुकट ते पौष्टिक, असं असतं होय? विकतचं घ्यावं. निदान पावती तरी मिळते."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग? उत्कर्षाने बापाकडे नुसतं पाहिलं. सरांना आमटीच्या वाटीत तोंड लपवावंसं वाटलं.

"सर बरोबर बोलत्यात," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "फुकटाचं बिघडलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं?"

"माझ्या," उत्कर्षा म्हणाली.

"आनि तू पुण्याला गेलीस म्हंजे?"

उत्कर्षाने पापडाचा तुकडा मोडला. "काका, हे आत्ता आपण जेवतोय, त्याची पावती कुठंय?"

गुरुसिद्धप्पा हसले. "लई हुशार हायस. पन हितं वाढनारी मानसं माझ्या वळखीची हायेत. मीठ कमी पडलं तर ह्यो सिद्रामप्पा समोर उभा हाय. तुझ्या त्या पंगतीत कोन वाढतंय? एक तरी सोलापूरचा मानूस दाखव."

उत्कर्षा उठली, हात धुऊन आली आणि लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर धरला. सगळा पडदा मराठीत होता. तिने फायली लावून ठेवायचा एक छोटासा प्रोग्राम उघडला. तो उघडेपर्यंत मधोमध एक ओळ आली. गुरुसिद्धप्पांनी डोळे बारीक करून ती मोठ्याने वाचली.

"जरा दम धरा."

मग त्यांनी मान मागे टाकून असं हसायला सुरुवात केली की सिद्रामप्पा आतून धावत आले.

"आयला, हे तर सरांचं! हात वर केला की हेच. पानी प्यायला जाऊ का, जरा दम धरा! सर, तुमी तितं कुटं जाऊन बसलात?"

सरांनी चष्मा सारखा केला. पडद्यावर खाली 'कचरापेटी' लिहिलेलं नव्हतं, 'केराची टोपली' होतं; हाही शब्द त्यांचाच. गेल्या थंडीत लेक रोज फोनवर विचारायची, बाबा, याला मराठीत काय म्हणाल? त्यांना वाटलं होतं, तिच्या ऑफिसचं काहीतरी असेल. एकेका शब्दासाठी ते तिच्याशी भांडले होते, आणि सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या, रिकामपणाचे उद्योग.

"मी फक्त शब्द हे बनवणाऱ्यांना पाठवून दिले," उत्कर्षा म्हणाली. "वाढलं बाबांनी. आता जगात कुणीही हे मराठीत उघडलं, की बाबा त्याला थांबवतात."

"मला सांगायचंस तरी," सर पुटपुटले. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"सांगितलं असतं, तर पावती मागितली असती तुम्ही."

गुरुसिद्धप्पा हसतच उठले. "उद्या कारखान्यावर ये. गनवेशाचे फोटो काढाय लागतील." आणि ते हात धुवायला गेले.

सरांनी पानात बोट फिरवलं. घसा खाकरला.

"मग... पुण्याला काय कळवशील?"

"कळवलं. कालच. येत नाही म्हणून."

"काल? अगं, आणि आज हा नाही म्हणाला असता तर? मी तर सगळं मोडायलाच निघालो होतो!"

"तर तुमच्या दारात उभी राहिले असते."

सरांनी चष्मा काढून डाव्या हाताने डोळे पुसले आणि मग वर्गातल्या त्या जुन्या खणखणीत आवाजात हाक मारली,

"सिद्रामप्पा, हुग्गी आणा इकडे! हिला वाढा. नको म्हणाली तरी वाढा."